न्हाणीघरात पाय घसरला नव्हता

ता. ४ फेब्रुवारी

चि. सूनबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट परत पाठवायचं असेल तर इथेच थांब. मला वाईट वाटणार नाही, आणि वाटलं तरी ते माझं मी बघेन. सहा वर्षांपूर्वी चार वर्षांच्या मुंगीला कडेवर घेऊन तू हे घर सोडलंस. तीन वर्षांपूर्वी माझा मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला. म्हणजे तुला सूनबाई म्हणायचा हक्क मला दोन्हीकडून उरलेला नाही. पण दुसरी हाक सुचली नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक फुलवाली राहते. कोपऱ्यावर तिचं फुलांचं दुकान आहे. परवा सकाळी नऊच्या सुमारास तिचा नवरा तिला मारत होता. माझा डावा कान आता कामातून गेलाय, पण तो आवाज मला कानांनी ऐकूच येत नाही, पोटात येतो. सवयीप्रमाणे माझा हात रेडिओकडे गेला. मोठा करायला. तूही तो रेडिओ कितीदा ऐकला असशील. पण या वेळी हात तिथेच राहिला. मी छत्री उचलली, खाली गेले आणि दार बडवलं. त्याने उघडलं तेव्हा शाळेतल्या आवाजात म्हणाले, बाजूला हो. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत घालवलेल्या बाईचा आवाज तो; झाला बिचारा बाजूला. वर येताना बघितलं तर माझ्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.

इतकं सोपं होतं गं. हेच मला परवापासून खातंय.

मी तिला दवाखान्यात नेलं. त्याच दवाखान्यात, त्याच हिरव्या बाकावर बसलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं लागलं, तर ती म्हणाली, न्हाणीघरात पाय घसरला. अगदी तेच शब्द. तुझं मनगट मोडलं तेव्हा तू तोंड उघडायच्या आत मी बोलले होते ते. मी फुलवालीला विचारलं, खरं सांगू का? तिने मान डोलावली, मग मी सांगितलं.

तुझा पाय घसरला नव्हता. माझ्या मुलाने तुझा हात पिरगळला, मी दारात उभी राहून बघितलं आणि मग डॉक्टरांशी खोटं बोलले. शेजाऱ्यांनाही तेच सांगितलं. एवढं लिहायला मला सहा वर्षं लागली. उत्तराची घाई नाही, आणि उत्तर आलंच पाहिजे असंही नाही.

लोभ मागायला तोंड नाही. थंडी आहे, दोघी जपून राहा.

सासूबाई


ता. २१ फेब्रुवारी

यांस,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचू नये म्हणून डब्यांच्या कपाटावर ठेवून दिलं, जिथे माझा हात सहज पोचत नाही.

मी बरी आहे. अजून त्याच दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. उजवं मनगट थंडीत दुखतं. मेणातून दात कोरताना हात मधेच थांबतो, पण आता डाव्याने बरंच जमतं. मुंगी दहा वर्षांची झाली. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला परस्पर पत्र पाठवू नका.

तुम्ही माफी मागितली नाहीत ते बरं केलंत. मागितली असती तर मी पाकीट परत पाठवलं असतं. माफी मागणारे मी पुष्कळ पाहिले, तुमच्याच घरात, दर आठवड्याला.

त्या फुलवालीचं पुढे काय झालं? ती परत त्या घरात गेली का? एवढंच कळवा. माझी त्या वेळची परीस्थिती मला आठवते. मला न्यायला वर कोणी आलं नव्हतं.

लोभाचं पुढे बघू.

मुंगीची आई


ता. ६ मार्च

चि. सूनबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

फुलवाली गेली नाही. ती माझ्याकडे राहते, मधल्या खोलीत. तिच्या नवऱ्याने दोनदा जिन्यात येऊन रडून दाखवलं. दुसऱ्या वेळी तिनेच वरून सांगितलं की रडायचंय तर पोलीस चौकीत जाऊन रड, तिथे माझी तक्रार आहे. मग तो गेला तो त्याच्या भावाकडे. आता दुकानात न खपलेली सगळी फुलं संध्याकाळी माझ्या घरात येतात. बादलीत, तांब्यात, डाळीच्या पातेल्यात फुलंच फुलं. काल अंघोळीला पाणी घ्यायला गेले तर बादलीत गुलाब. मला सारख्या शिंका येतात, पण तिला सांगत नाही. तिला वाटतं मला फार आवडतात.

आता दुसरं. मी परत दवाखान्यात गेले होते, एकटी. तळघरात जुने कागद ठेवायची खोली आहे, तिथल्या कारकुनाला म्हणाले, सहा वर्षांपूर्वीच्या एका कागदात चूक आहे, ती दुरुस्त करायची आहे. त्याने विचारलं, पेशंट कुठे? म्हटलं, दूर. ज्याने मारलं तो? म्हटलं, गेला. मग म्हणाला, आजी, आता कोणाला उपयोग? मी म्हणाले, चूक माझी आहे आणि मी जिवंत आहे. तो मला उद्या या म्हणाला. मी उद्या गेले. मग सोमवारी या म्हणाला. मी सोमवारी गेले, डबा आणि विणकाम घेऊन. दुपारी त्याच्या लक्षात आलं की ही बाई उठणार नाही.

तुझा कागद सापडला. जुन्या मोठ्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, लिहिलेलं खोडता येत नाही, पण खाली पुरवणी नोंद जोडता येते, तुमच्या सहीने. मी तिथेच बसून लिहिली. सोबत प्रत पाठवली आहे. ती ठेव, फाड, काय हवं ते कर. आता त्या तळघरात तरी खरं लिहिलेलं आहे.

तुला न सांगितलेली आणखी एक गोष्ट. तुझे सासरेही हात उचलायचे. तू या घरात यायच्या आधीच ते गेले, म्हणून तुला त्यांचा फक्त फोटो ठाऊक. माझा मुलगा लहानपणी टेबलाखाली बसून ते बघायचा. मी त्यालाही सांगत आले, काही नाही रे, माझा पाय घसरला. म्हणजे ते वाक्य तुझ्यासाठी नवीन बनवलं नव्हतं, घरात पडलेलंच होतं. याने माझं ओझं कमी होत नाही, पण तुला माहीत असावं.

जाता जाता, परिस्थितीतली रि ऱ्हस्व असते. माफ कर, हात राहत नाही.

राग ओसरेल तेवढा ओसरू दे, बाकीचा राहू दे.

सासूबाई


ता. २५ मार्च

ती. सासूबाईंस,
सा. न. वि. वि.

तुमची पुरवणी नोंद मी लॅबमध्ये उघडली. तिथे वाचायला नको होती. एका म्हातारबुवांच्या कवळीत मी सुळा आणि दाढ यांची अदलाबदल केली. आमच्या लॅबमधले काका, ज्यांनी मला काम शिकवलं, कवळी हातात धरून म्हणाले की हे गृहस्थ आता जेवणार नाहीत, शिकार करतील. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले.  काकांनी चहा ठेवला, दिवा माझ्या तोंडावरून दुसरीकडे वळवला आणि माझ्या वाटचे सहा दात स्वतः बसवले.

त्या कागदावर तुमचं अक्षर किती सरळ आहे. "मी त्या वेळी खोटं सांगितलं. तिचा पती तिला नेहमी मारत असे. मला हे माहीत होतं." मी हे सगळं कधी स्वप्नात पाहिलं असेल तर ते वाक्य कोणीतरी ओरडून म्हणताना पाहिलं. कोणी तळघरात डबा घेऊन बसून लिहील असं वाटलं नव्हतं.

आता माझंही ऐका. तो गेल्याचा निरोप आला तेव्हा मी काम थांबवलं नाही. हलकं वाटलं. त्या दिवशी मी मुंगीला बागेत नेलं, ती घसरगुंडीवरून पाचपन्नास वेळा घसरली आणि मी टाळ्या वाजवल्या. मग तुमची तीन पत्रं आली, ती मी उघडली नाहीत. तुमचा एकुलता एक मुलगा गेला होता आणि मी तुम्हांला एक ओळ लिहिली नाही. हे गेली तीन वर्षं मला टोचतंय. तेव्हा लिहिलं नाही ते आता लिहिते. तुमचा मुलगा गेला, सासूबाई. वाईट झालं. तुम्ही एकट्या होतात.

मुंगी सारखं विचारते, बाबा कसा होता. मी म्हणते, उंच. तीन वर्षं उंच उंच म्हणून काढली, आता पुरत नाही. माझ्याकडे त्याच्याबद्दल चांगलं असं जे होतं ते मला सापडत नाही, शोधलं की दुसरंच हाताला लागतं. तुमच्याकडे असेल तर तुम्ही लिहा. पण खोटं नको. आणि आधी मला वाचू द्या.

लोभाचा विचार चालू आहे.

सूनबाई

ता. क. कवळीचे म्हातारबुवा दुरुस्त दात घेऊन खूश होऊन गेले.


ता. ३ एप्रिल

चि. मुंगी हिस,
आजीचे अनेक गोड आशीर्वाद.

हे पत्र आधी तुझी आई वाचेल आणि तिला पटलं तर तुझ्या हाती देईल. असं आम्ही दोघींनी ठरवलं आहे, तेव्हा तिच्यावर रुसू नकोस.

तुला बाबाबद्दल ऐकायचं आहे. तो उंच होता हे तुला कळलंच आहे. दोन बोटं तोंडात घालून तो अशी शिट्टी मारायचा की रस्त्यावरची माणसं थांबायची. त्याला कुठलंही यंत्र उघडायला आवडायचं. माझ्या शाळेची घंटा एकदा बंद पडली, तर नववीत असताना त्याने ती दुरुस्त केली. पण अशी केली की दोन दिवस ती दर दहा मिनिटांनी वाजत होती, आणि मुली दर दहा मिनिटांनी घरी जायला निघत होत्या. त्याला मांजरांची भीती वाटायची. हे तो कोणाला सांगू द्यायचा नाही. तू जन्मलीस तेव्हा त्याने तुला हातात घ्यायला नकार दिला, म्हणाला, माझ्या हातून पडेल. मग तासभर पाळण्याशेजारी नुसता उभा होता.

आणि तुझा बाबा तुझ्या आईला मारायचा. त्यात तुझ्या आईची काहीही चूक नव्हती. मी त्याची आई होते, मी त्याला थांबवायला हवं होतं, मी थांबवलं नाही. म्हणून तुझ्या आईने तुला घेऊन जाणं हे फार शहाणपणाचं आणि धीराचं काम होतं. माझा मुलगा वाईट वागला आणि मला त्याची रोज आठवण येते, ही दोन्ही वाक्यं मी आज पहिल्यांदा एका ओळीत लिहिते आहे. दोन्ही खरी आहेत. तुलाही दोन्ही एकदम वाटलं तर घाबरू नकोस.

तुझ्या शाळेबद्दल लिही. आणि तुला मुंगी का म्हणतात माहीत आहे का? रांगायला लागल्यापासून तू घरातल्या वस्तू ओढून कोपऱ्यात साठवायचीस. माझा चष्मा तुझ्याच ढिगात सापडायचा.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
आजी


ता. १४ एप्रिल

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि. (हे आईने सांगितलं असं लिहायचं असतं.)

तुझं पत्र आईने दिलं. ती आधी चार दिवस वाचत होती. मग आम्ही बसून वाचलं. मी थोडी रडले आणि थोडी हसले, घंटेचं वाचून. मला मांजरं आवडतात. शिट्टी मला येत नव्हती, पण आता मी रोज सराव करते. शेजारचे काका म्हणाले की पुरे. नुसती हवा येत होती, काल पहिल्यांदा आवाज आला.

मी बाबाला विसरले होते. फक्त एक आठवतं. मी पलंगाखाली होते आणि त्याचे बूट दिसत होते. मी आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तुला आठवतं हे मला माहीत नव्हतं. मग आम्ही पलंगावरच्या गाद्या काढून जमिनीवर टाकल्या आणि खालीच झोपलो. मजा आली.

तुला एकाच कानाने ऐकू येतं का? कोणत्या? म्हणजे मी त्या बाजूला बसेन.

तुझी,
मुंगी

ती. सासूबाईंस सा. न. खाली जागा उरली आहे म्हणून लिहिते. मेमध्ये तिला सुट्टी आहे. आठ दिवस या. घर लहान आहे, पलंग तुम्हांला देऊ. फुलं आणू नका, तुम्हांला शिंका येतात. — सूनबाई


ता. २८ मे

चि. सूनबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. गुडघे कुरकुरत आहेत, मी नाही. फुलवालीने आठ दिवसांत माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर नावं चिकटवली आहेत, त्यामुळे आता मला साखर सापडते.

त्या गुरुवारचं लिहायचं आहे. चित्रकलेची वही आवर म्हणालीस, एवढ्याशा गोष्टीवरून मुंगीने रागाने कप भिंतीवर फेकला, तुझा हात वर गेला, मी मधे उभी राहून नको म्हणून ओरडले, आणि तू जिना चढून गच्चीवर गेलीस. इथवर तुला ठाऊक आहे. पण तू वर असताना खाली काय झालं ते तुला कोणी सांगितलं नाही. मुंगीने शपथ घातली होती. काल फोनवर तिनेच ती सोडवली.

ती माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि अगदी हळू विचारलं, आजी, मी बाबासारखी आहे का?

नाही म्हणणं किती सोपं होतं. पण मी तिला खरंच लिहायचं कबूल केलेलं, मग बोलायचंही खरंच. म्हटलं, कान त्याचे आहेत. शिट्टी त्याची आहे. रागही थोडा त्याचा आहे, थोडा माझा असेल, मी तो गिळून टाकला म्हणून कोणाला दिसला नाही. मग ती उठून कपाचे तुकडे वेचायला लागली. मी पण वाकले, सवयीने. आणि तिथेच थांबले. तुझ्या नवऱ्याने फेकलेलं मी आयुष्यभर वेचलं गं. तो दुसऱ्या खोलीत जायचा आणि परत येईपर्यंत जमीन स्वच्छ असायची. त्याने काय फोडलं ते त्याने कधी पाहिलंच नाही, मी पाहू दिलं नाही. मी मुंगीला तिच्या चपला दिल्या, झाडू दिला, सुपली दिली आणि स्टुलावर बसले. तिने सगळं वेचलं, कपाटाखालचंही. वीस मिनिटं लागली. मग म्हणाली, आता आईला सॉरी म्हणते, पण तिनेही मला म्हणायला हवं, तिने हात उचलला. म्हटलं, अगदी बरोबर.

त्यानंतर ती वर आली. गच्चीवर काय झालं ते मला कोणी सांगितलेलं नाही. सांगायलाच हवं असंही नाही. तुम्ही दोघी खाली आलात तेव्हा तुमची नाकं लाल होती आणि तुम्हांला भूक लागली होती, एवढं मला पुरलं.

लोभ आहे हे या आठ दिवसांत दिसलं. तो जपेन.

सासूबाई


ता. १० जून

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

मायन्यात बदल केला आहे. तुमचं लक्ष जाईलच, लाल शाई काढू नका.

गच्चीवर मी माझ्या हाताकडे बघत होते. हा मोडलेला हात, आणि हाच उचलला गेला. मला वाटायचं मार खाल्लेल्या माणसाच्या हातून हे होत नाही. होतं. तुम्ही मधे आलात तेव्हा खरं सांगू, आधी तुमचाच राग आला. हा आवाज होता तर तेव्हा कुठे होता, असं वाटलं. तेवढ्यात मुंगी आली. ती म्हणाली, मी तुकडे वेचले, आता तू सॉरी म्हण. मी म्हटलं. तिनेही म्हटलं. मग तिने विचारलं, आता कोण आजीला सॉरी म्हणणार, तिचा चहा कपात होता. आम्ही इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरच्यांनी वर बघितलं.

माफ केलं, असं लिहायला घेतलं की शब्द अंगापेक्षा मोठा होतो. तुम्ही गेल्यावर शुक्रवारी मी बेकरीतून पाव आणले, घरी येऊन बघते तर तीन माणसांचे. शनिवारीही तेच. रविवारी मुद्दाम लक्षात ठेवून गेले, तरी तिघींचेच आणले. तेव्हा मला कळलं की ते होऊन गेलं आहे, माझी फक्त सही करायची राहिली होती. तर ही सही. तुम्हांला माफ केलं, आई. त्याचं अजून माहीत नाही. ते विचारू नका, झालं तर मी सांगेन.

आता कामाचं. आमच्या समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली रिकामी झाली आहे. खोली चष्म्यांच्या दुकानवाल्यांची, तिथे त्यांची आई राहायची, ती मुलीकडे गेली. ऊन येतं, जिना नाही, मागे नळ आहे. मी बघून आले, मुंगीने खिडकीतून शिट्टी मारून पाहिली, आमच्या घरात ऐकू येते. एका घरात राहू या असं मी म्हणत नाही. मला माझं दार हवं, तुम्हांलाही तुमचं असावं. पण मधे रस्ता एवढाच असेल की मुंगी चपला न घालता ओलांडेल. चष्मेवाले वीस तारखेपर्यंत थांबतील.

लोभ आहे. आता विचार करायचा राहिला नाही.

तुमची,
सूनबाई


ता. १८ जून

चि. सूनबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर मी नाही म्हणायची चार कारणं काढली. या घरात चव्वेचाळीस वर्षं झाली. माझे डॉक्टर इथे. या वयात नवीन गल्ली कोण पाठ करणार. चौथं कारण फुलवाली, तिला एकटं कसं सोडायचं. तिने शेवटचं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली की मुख्याध्यापिकाबाई, मला पुढे करून पळू नका, घर मी सांभाळते, तुम्ही निघा. पहिली तीन कारणं तिने ऐकूनही घेतली नाहीत. मला कोणी असं झापून बरीच वर्षं झाली होती. बरं वाटलं.

दोन ट्रंका, एक गादी आणि मी. तुझ्या सासऱ्यांचा फोटो आणणार नाही. मुलाचा एक आणते आहे, नववीतला, हातात पाना आहे आणि तोंडाला ग्रीस. तो माझ्या ट्रंकेत तळाशी राहील. मुंगीला बघायचा असेल तेव्हा ती मागेल, तुला बघायचा नसेल तर तो वर येणार नाही.

काल तिकीट काढायला गेले. खिडकीवरच्या पोऱ्याने विचारलं, आजी, परतीचं कधीचं देऊ? म्हटलं, परतीचं नको. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. त्याने काचेला तोंड लावून मोठ्याने विचारलं, परत कधी येणार? रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मग मीही शाळेतल्या आवाजात सांगितलं, नाही येणार, मी सुनेकडे चालले आहे.

सव्वीस तारखेला सकाळी अकराची गाडी. डावा कान गेलेला, तेव्हा मी उतरले की तुम्ही दोघी माझ्या उजव्या कानाच्या बाजूला या.

येते.

तुमचीच,
आई